दहापैकी दोन

पुष्पलता मॅडमना अकरावी कला शाखेत एकोणीस मुलं मिळाली होती आणि हवी होती वीस. बोईसरच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात संस्थेने यंदा नवा नियम काढला होता. ज्या ऐच्छिक विषयाला वीस डोकी भरणार नाहीत, तो विषय बंद. समाजशास्त्र बंद झालं तर मॅडमची रवानगी संस्थेच्या जव्हारकडच्या शाळेत, पाचवीला शिकवायला. पंचवीस वर्षं ज्या बाईने बारावीच्या मुलांकडून समाजाच्या सात व्याख्या घोकून घेतल्या, तिने आता पूर्व कुठे आणि पश्चिम कुठे ते शिकवायचं. नुसत्या कल्पनेनेच मॅडमची झोप उडाली होती.

समोरच्या टेबलावर भूगोलाचे प्रफुल्ल सर. त्यांच्याकडे छत्तीस मुलं. जादू काही नव्हती. सरांनी टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवला होता, प्रात्यक्षिकाचे मार्क हातचेच समजा म्हणून सांगितलं होतं, आणि सहलीचंही बोलून ठेवलं होतं. मुलं गोल फिरवता फिरवता अर्जावर खूण करून मोकळी होत.

मॅडमच्या टेबलावर होत्या त्यांच्या नोट्स. नोकरीच्या पहिल्या वर्षी वळणदार अक्षरात लिहिलेल्या. मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला, पुस्तक बदललं, पुस्तकाचं मुखपृष्ठ तर किती वेळा बदललं. नोट्स बदलल्या नाहीत. मॅडम धड्याचं नाव तेवढं खोडून नवं घालत. मूळ प्रत स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे कायमची मुक्कामाला असे, आणि कुठल्या पानावर काय आहे हे मॅडमच्याही आधी तो सांगायचा.

विसावं डोकं म्हणजे हिना. दांडी गावची, मच्छीमाराच्या घरची. अर्ज सगळा भरलेला, ऐच्छिक विषयाचा एक रकाना कोरा.

"आईला विचारल्याशिवाय नाय भरणार," ती म्हणाली. "आई शनिवारी बोईसरच्या बाजारात बसते."

शनिवार म्हणजे प्रवेशाचा शेवटचा दिवस.

"तुम्ही कशाला तंगडतोड करता?" प्रफुल्ल सर सहानुभूतीने म्हणाले. "मीच जातो. येताना सुका जवळाही आणता येईल."

हे ऐकल्यावर मॅडम थांबतात कसल्या. शनिवारी दुपारी त्यांनी हिनाचा कोऱ्या रकान्याचा अर्ज पर्समध्ये घातला, साडीच्या निऱ्या एका हातात उचलल्या आणि बाजारात शिरल्या.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी चालू होती. होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली, पुरुषमंडळी घरी जाळी विणत बसलेली. बाजारात मात्र बायकांची रांग नेहमीसारखीच होती. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील, सुकट, वाकट्या, सगळं प्लास्टिकच्या कागदाखाली मांडलेलं. हिनाची आई जमना रांगेच्या टोकाला होती. चाळिशीची, अंगाने भरलेली, नाकात मोठी चमकी.

आल्या आल्या विषयाला हात घालणं बरं दिसणार नाही म्हणून मॅडमनी आधी गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं.

"मावशी, सुकट कशी दिली?"

जमनाने मान वर करून त्यांना न्याहाळलं.

"मावशी काय बोलता मॅडम. मी तुमच्याहून धाकटी. तुमच्या पयल्या वर्गातली हाय मी."

मॅडम चपापल्या. पंचवीस वर्षांत हाताखालून गेलेली मुलं किती, त्यात ही कोणती ते काही केल्या आठवेना. मग शिक्षक मंडळी अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केलं.

"अगं हो की! कशी विसरेन मी तुला?"

"विसरलात," जमना शांतपणे म्हणाली आणि सुकट मापात भरू लागली. "नाव सांगा बघू माजं."

मॅडमनी पर्समध्ये बघितलं. अर्जावर आईचं नाव होतं. "जमना," त्या म्हणाल्या.

"पर्समधे बघून सांगितलंत. परीक्षेत असं केलं तर तुमी पेपर काढून घ्यायच्या."

शेजारच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मॅडमनाही हसावं लागलं. जमनाने बाजूच्या रद्दीतून एक कागद ओढला, सुकट त्यात बांधली आणि पुडा त्यांच्या हातात दिला. मॅडमनी तो धरला मात्र, त्यांची नजर कागदावर खिळली. अक्षर त्यांचंच होतं. गेल्या वर्षीच्या कुणा गुणी विद्यार्थ्याने निकाल लागताच नोट्स रद्दीत घातल्या होत्या.

"या माझ्या नोट्स."

"मना म्हाईत हाय. दोन किलो आल्यात. कागद चांगला हाय, मासळीचं तेल शोषून घेतो." मग जमना जरा पुढे झुकली. "हे पान मी मुद्दाम काडलं. वाचा काय लिवलंय."

मॅडम वाचू लागल्या. "मच्छीमार समाजात पुरुष समुद्रावर मासेमारी करतात व स्त्रिया फावल्या वेळेत त्यांना मदत करतात."

या वाक्यावर मात्र शेजारच्या दोघींनी पदर वगैरे लावला नाही. त्या मोकळ्या गळ्याने हसल्या.

"बारावीच्या सहामाईला हाच प्रश्न आलेला," जमना म्हणाली. "दहा मार्कांचा. मी लिवलं, आमच्यात बाई मदत नाय करत. होडी किनाऱ्याला लागली का पुरुषाचं काम संपलं. कुठली मासळी विकायची, कुठली वाळवायची, कुणाला द्यायची, ते बाई ठरवते. धंदा बाईचा हाय, पुरुष समुद्रावर जाऊन तिला मदत करतो. दोन पानं लिवली. तुमी लाल पेनाने लिवलं, 'विषयांतर. नोट्स वाचा.' दहातले दोन दिले."

"आणि मग?"

"मग काय. मी समाजशास्त्रात नापास. घरी पेपर दाखवला तर आई हसली. म्हणाली, आपल्या कामाला दोनच मार्क देतात ना, मंग चल, ते दोन मार्कांचं काम तरी कर. दुसऱ्या दिवसापासून मी इथं बसली." तिने पाटीवरची माशी हाकलली. "रडायचं म्हणून नाय सांगत मॅडम. धंदा बरा चालतो. पण पोरीला तुमच्याकडं पाठवायची तर विचार करायला पायजे का नाय?"

मॅडमना शरम वाटली. अशी शरम की समाजशास्त्र बंद होणार, जव्हारला जावं लागणार, सगळं क्षणभर डोक्यातून गेलं. घरी बसून लिहिलेलं एक वाक्य. ते लिहिण्याआधी त्या कधी या रांगेत पाच मिनिटंही उभ्या राहिल्या नव्हत्या, आणि जी पोरगी जन्मापासून या रांगेत वाढली तिला त्यांनी विषयांतर म्हटलं होतं.

त्यांनी पुडा सोडला, सुकट रुमालात ओतली आणि कागद झटकला. एक रिकामा क्रेट उलटा करून त्यावर बसल्या. पर्समधून लाल पेन काढून ते वाक्य खोडलं आणि कागद पालथा घातला. मागची बाजू कोरी होती.

"सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."

जमना सांगत गेली, मॅडम लिहीत गेल्या. मध्येच कुणी वाकट्यांचा भाव विचारला, तर जमना म्हणाली, "थांबा जरा, मॅडमचा पेपर चालू हाय." शेजारच्या दोघींनी आपापली भर घातली, त्यावरून आपसात थोडं भांडणही झालं, तेही मॅडमनी लिहून घेतलं. चार वाजून गेले. पाचला कार्यालय बंद होणार हे त्यांच्या लक्षातच नव्हतं, जमनानेच आठवण केली.

"द्या इकडं."

तिने हात पुसले, कागद पूर्ण वाचला, मॅडमच्या हातातलं लाल पेन काढून घेतलं आणि वरच्या कोपऱ्यात आकडा घालून गोल केला. दहापैकी दोन.

"दोनच?" मॅडम म्हणाल्या. आवाज थेट पोरीसारखा निघाला.

"बाकीचे आठ हातात ठेवते. हिनाला दोन वर्षं काय शिकवता ते बघून देईन." असं म्हणून तिने अर्ज मागून घेतला, कोऱ्या रकान्यात स्वतःच्या हाताने समाजशास्त्र लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर अजून छान होतं.

पाचला दहा मिनिटं असताना मॅडमनी अर्ज कार्यालयात दिला. खोलीभर सुकटीचा वास पसरला. प्रफुल्ल सरांनी नाक मुरडून विचारलं, "मिळाली का विसावी?"

"मिळाली," मॅडम म्हणाल्या. "मी नापास होता होता राहिले."

सोमवारी त्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या, मूळ प्रतीतलं ते वाक्य असलेलं नववं पान काढलं आणि तिथे बाजारातला कागद लावला. त्याने तो उलटसुलट करून बघितला.

"मॅडम, कोपऱ्यात कुणीतरी मार्क दिलेत. पांढरं लावून झाकू काय?"

"नको," मॅडम म्हणाल्या. "तेवढेच मिळालेत. वीस प्रती काढ."