विचारल्याशिवाय खूण नाही

खोडरबर मुठीत असूनही यादीबाईंनी औषधवाल्याच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह पुसलं नाही. उलट पेन्सिलीने पुन्हा एकदा ठळक गिरवलं.

“वाईट वाटून घेऊ नका,” औषधवाला दारातूनच म्हणाला. “तुम्ही आलात की बरं वाटतं. पण परवा टीव्हीवर साहेब काय बोलले ते ऐकलंत ना? पक्षात ज्यांना प्रश्न पडतात, त्यांना बाहेर जायला दार उघडं आहे म्हणे. मला तर वर्षभर प्रश्नच पडताहेत.”

“मग मत त्या पलीकडच्यांना?”

“छे हो! त्यांच्या वाऱ्याला उभं राहवत नाही. कुठे जायचं तेच तर कळत नाही.”

बावीस वर्षं एकाच चिन्हाला मत दिलेला हा माणूस इतका ओशाळला होता, की यादीबाईंनाच त्याची समजूत घालावी लागली.

त्यांचं खरं नाव आता पोस्टमनपुरतं उरलं होतं. रुग्णालयाच्या नोंदणी खोलीत तीस वर्षं काढलेल्या बाईंनी तिथली शिस्त पक्षातही आणली होती. प्रत्येक निवडणुकीआधी हातात मतदार यादी घेऊन चार इमारती आणि दोन गल्ल्या पालथ्या घालायच्या. आपल्या मतदारापुढे बरोबरची खूण, परक्यापुढे फुली, ज्याचं ठरलं नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. नियम एकच, विचारल्याशिवाय खूण नाही. मुलगा म्हणाला, “आई आपलीच आहे,” तरी त्या आईला बाहेर बोलवायला लावायच्या.

गेल्या निवडणुकीत त्यांनी आपल्या केंद्रावर चारशे बारा मतं सांगितली होती. पेटीतून चारशे अकरा निघाली. पक्षाच्या लोकांनी त्यांना डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. बाईंना मात्र ते एक मत पाच वर्षं सलत होतं. संशय तळमजल्यावरच्या शिंप्यावर. विचारलं तेव्हा तो मान खाली घालून बोलला होता, एवढाच पुरावा. तेव्हापासून त्या कपडे उसवले की दोन गल्ल्या ओलांडून दुसऱ्याकडे जायच्या.

यंदाचा आकडा होता दोनशे त्रेसष्ट. सकाळी पक्षाच्या कार्यालयप्रमुखाने तो दोनदा मोजला. वरून नेमणूक होऊन आलेला हा गृहस्थ दोन महिन्यांपूर्वीच रुजू झाला होता.

“साहेब उद्या येताहेत, यादीबाई. प्रत्येक केंद्राचा आकडा स्वतः बघणार. हा त्यांच्यापुढे ठेवू?”

“आहे तो आहे.”

“अहो, ही प्रश्नचिन्हं म्हणजे सगळी आपलीच माणसं. जातील कुठे? शेवटी झक मारत येतील.” त्याने खणातून नवंकोरं खोडरबर काढून त्यांच्या हातावर ठेवलं होतं. “संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून आणा. जमत नसेल तर स्पष्ट सांगा, यादी दुसऱ्या कुणाकडे देतो.”

यादी दुसऱ्या कुणाकडे! निवृत्तीनंतर त्यांना चार माणसांत उभं केलं होतं ते या कागदांनीच. आपण खूण करण्यात चुकलो असू, अशी आशा धरून त्या दिवसभर सगळ्यात जुन्या, सगळ्यात पक्क्या दहा घरांची दारं पुन्हा ठोठावत फिरल्या. चूक कुठेच नव्हती. ग्रंथपाल बाईंनी तर त्यांना बसवून पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, “मी पक्ष सोडून कुठे गेले नाही हो. मी आहे तिथेच आहे. निघून गेले ते साहेब.”

पाच वाजता सगळी घरं संपली. जिन्यात उभं राहून त्यांनी शेवटचं पान उघडलं. तळाशी दोन ओळी होत्या, यजमानांची आणि स्वतःची. दोन्हींपुढे बरोबरची खूण. पहिल्याच दिवशी घरच्या टेबलाशी चहा पिता पिता केलेली. दर निवडणुकीला करायच्या, तशीच.

बाई तिथेच थबकल्या. मग पिशवीतली किल्ली पिशवीतच ठेवून त्यांनी स्वतःच्या दाराची घंटा वाजवली.

यजमानांनी दार उघडलं. गणिताचे मास्तर, आता निवृत्त. चष्मा कपाळावर, हातात अर्धवट सोललेला बटाटा.

“किल्ली विसरलीस?”

“नाही. पक्षातर्फे आलेय.”

“अरे वा! या, या. बाहेरच उभ्या राहणार की चहा घेणार?”

“थट्टा नको. यंदा मत कुणाला देणार?”

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. बायको खरंच विचारतेय हे त्यांना दिसलं.

“यंदाचं ठरलं नाही,” ते म्हणाले. “पण गेल्या वेळचं सांगतो. मी कोरी मतपत्रिका टाकून आलो होतो.”

बाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. “चारशे अकरा,” त्या पुटपुटल्या.

“हं.”

“पाच वर्षं मी त्या शिंप्याला...”

“माहीत आहे. म्हणून तर मी माझे सगळे कपडे त्याच्याकडेच टाकतो. तेवढंच प्रायश्चित्त.”

“सांगितलं का नाही मला?”

“तू विचारलं नाहीस. नियम तुझाच.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “पूर्वी तो तुझा साहेब आपल्याच टेबलाशी बसून सगळ्यांचं ऐकायचा. नंतर नुसता बोलायला लागला. मला ते आधी दिसलं, इतकंच. तुझा त्याच्यावर फार जीव होता गं.”

बाईंना राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. त्या टेबलाशी जाऊन बसल्या. खोडरबराचं वेष्टन फाडलं आणि यजमानांपुढची खूण पुसून प्रश्नचिन्ह काढलं. शेवटच्या ओळीवर मात्र हात थांबला. इतक्या वर्षांत हजारो माणसांना विचारून झालं होतं. हिला कुणीच विचारलं नव्हतं. बाईंनी विचारलं, उत्तराची वाट पाहिली, आणि तीही खूण पुसली. त्या जागी प्रश्नचिन्ह काढलं ते पेन्सिलीने नाही, शाईच्या पेनाने.

कार्यालयाकडे जाताना त्या तळमजल्यावर थांबल्या आणि अस्तर उसवलेला कोट शिंप्याच्या टेबलावर ठेवला.

“चूक झाली होती माझी,” त्या म्हणाल्या. “एका मताची.”

शिंप्याला काही कळलं नाही, पण त्याने कोट ठेवून घेतला.

कार्यालयात प्रमुखाने खुणा मोजल्या आणि कपाळाला हात लावला.

“दोनशे एकसष्ट? सकाळपेक्षा दोन कमी? अहो, पुसायला सांगितलं होतं ना?”

“पुसलं की. चुकीच्या दोन होत्या, तेवढ्या पुसल्या.” त्यांनी खोडरबर त्याच्यापुढे ठेवलं. “हे तुमचं. यादीही ठेवून जाते. दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर द्या, पण त्याला दारोदार जायला सांगा.”

तो चरफडत पानं उलटत गेला. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. तिथलं नाव त्याने अडखळत, मोठ्याने वाचलं.

“या कोण बाई? आधी पक्क्या दिसताहेत, खूण पुसलेली आहे. आता शाईने प्रश्नचिन्ह!” त्याने वही ओढून पत्ता लिहून घेतला. “अशी माणसं हातची जाऊ देता कामा नयेत. उद्याच यांच्याकडे माणूस पाठवतो समजावायला.”

यादीबाईंनी पिशवी खांद्याला लावली.

“पाठवा,” त्या म्हणाल्या. “पण समजावायला नको, विचारायला पाठवा. मी घरीच असते.”