शंभर फेरे

रेकॉर्ड-प्लेयरच्या फिरत्या थाळीच्या कडेवरचा खडूचा ठिपका तीन मिनिटांत सत्त्याऐंशी वेळा समोरून गेला. जायला हवा होता शंभर वेळा. गाणी रडत होती ती म्हणूनच, हे नम्रताच्या लक्षात आलं.

तिचे वडील देवराम वीस वर्षं सापगावातल्या प्रत्येक हळदीला याच रेकॉर्ड-प्लेयरवर गाणी लावत. तो मंदावल्यापासून ते कुणाकडे गेले नव्हते. आता नम्रताचीच हळद आठ दिवसांवर आली होती, आणि गाणी लावायला येऊ का, या प्रश्नाच्या उत्तराची मुरबाडचा कॅसेटवाला महिनाभर वाट बघत होता.

आतला रबरी पट्टा सैल पडला होता. शहापुरात तसा मिळेना. नम्रताने सायकलच्या जुन्या ट्यूबमधून बारीक वेढा कापून बसवला, पण तोही घसरू लागला.

"थांब गो," म्हणत देवरामांनी डबीतून राळेची पूड काढली. ते भातगिरणीत कामाला होते. तिथला पट्टा घसरला की हीच चोळत. चिमूटभर पुरली.

"आता मोज."

अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर. गाणं खणखणीत वाजत होतं.

"कालेजात शिकवत्यात हे?"

"राळ नाय शिकवत, आबा."

देवराम हसले आणि अंगणातल्या भावाला हाक मारून म्हणाले, "शेखर, मुरबाडला सांगून ये, कॅसेटवाला नको. पोरीच्या हळदीला मीच वाजवनार."