दाढेखालची सुपारी

आमच्या घरात सोयरीक अडकित्त्यानं ठरत न्हाई. थोरल्या माणसानं सुपारी दाढेखाली धरायची, फोडायची आन् मग शब्द द्यायचा. फोडील त्याचाच शब्द चालतो. मालक गेल्यापासनं ही सुपारी माझ्या दाढेखाली येते. मी न्हाई फोडली तर मान धाकट्या दिराचा, विठ्ठलरावाचा. तो कवापासनं टपून बसलाय.

त्या दिवशी माझ्या नातीची, धनश्रीची, आमच्या धनीची सुपारी होती. आष्टीहून पोराचा बाप शहादेव चार माणसं घेऊन यायचा होता. पोराला नाव ठेवायला जागा न्हाई. पण विठ्ठलरावानं परस्पर वैशाखातलं लगीन कबूल केलतं, आन् धनीची नर्सिंगची शेवटची परीक्षा ज्येष्ठात. लगीन झाल्यावर कोण परीक्षेला धाडतंय? पुस्तकं माळ्यावर आन् पोरी चुलीपाशी, लई बघितल्यात मी. माझा लेक बंकट, धनीचा बाप, काकापुढं तोंड उघडत न्हाई. तवा सुपारी मीच फोडणार आन् सांगणार, लगीन परीक्षेनंतर.

अडचण एकच. माझे दात कवळीचे. हे घरच्यांबिगर कुणाला ठाऊक न्हाई. केशरबाई अजून ऊस सोलून खाते, असा भावकीचा समज हाय आन् मी तो कशाला मोडू?

कवळीचं सगळं धनी बघते. घमेल्यात पाणी घेऊन त्याच्यावर धरून ती मऊ ब्रशनं धुते, म्हणजे हातातनं निसटली तरी फरशीवर आपटत न्हाई. मग साध्या पाण्यात बुडवून ठेवते. मी एकदा कवळीला मिसरी लावाया गेले तर पोरीनं माझा हातच धरला. सुपारीचीही तजवीज तिनंच केलती. सुपारी भिजत घालून मऊ केली, पोटात सुरीनं बारीक चीर पाडली. नुसता दाब दिला की दोन भकलं.

पाव्हण्यांची गाडी सिरसाळ्यापर्यंत आल्याचा फोन आला. मी कवळी बसवली, तर वरची डुगडुगायला लागली. तोंड मिटलं की इकडं, उघडलं की तिकडं.

"कुणी हात लावला हिला?"

सून वनमाला दारात हात पुसत उभी. "आत्याबाई, पाव्हणे येणार म्हणून मी चांगली उकळत्या पाण्यात घातली. दुधाचं पातेलं न्हाई का आपण तसंच..."

"पातेलं हाय का माझं तोंड?"

धनीनं कवळी उजेडाला धरली. तिचा चेहराच उतरला. "वाकलीय, आजी. उकळत्या पाण्यानं आकार जातो हिचा. आता सुपारी चावलीस तर मधून तडकंल. तुकडा घशात गेला म्हंजे?"

"आन् न्हाई चावली तर?"

तिनं कवळी माझ्या हातावर ठेवली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मी जीभ टाळूला दाबून कवळी धरून ठेवली आन् बैठकीत जाऊन बसले. लोक बोलत होते, मी नुसती मान हलवत होते. विठ्ठलराव माझ्याकडंच बघत होता.

"वैनी, आज लई गप? येरवी तर आमाला बोलू देत न्हाईत."

मी उत्तर दिलं न्हाई. दिलं असतं तर दात मांडीवर पडले असते.

वनमालानं ताट आणलं. सुपारी मी उचलली. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं. सुपारी दाढेखाली ठेवली, हलकाच दाब दिला. डुगडुगत्या कवळीत दाब बसेना, सुपारी फुटली न्हाई, कवळीच आतून करकरली. दाराआड धनीनं डोळे मिटले. मी सुपारी परत हातात घेतली.

"राहू द्या वैनी," विठ्ठलरावानं तळहात पुढं केला. "वय झालं. आणा इकडं. मी फोडतो आन् वैशाखाचं बोलून टाकतो."

त्याचा तळहात माझ्या नाकापुढं होता. मी पदर सावरला, तोंडात बोटं घातली आन् वरची, खालची दोनी कवळ्या काढून समोरच्या पाण्याच्या गिलासात सोडल्या.

 कुणीतरी खोकलं.

"भाऊजी, दात गेले माझे," मी म्हणले. बोळक्या तोंडातनं वारा जात होता, तरी एकेक शब्द सावकाश काढला. "सुपारी कुणाच्या हातात हाय?"

"तुमच्या. पण रीत..."

"रीत दाढेखाली फोडायची. न फोडता ठेवायची न्हाई, असं कुणी सांगितलंय?" मी सुपारी पदरात बांधली, गाठ मारली. "पोरगी परीक्षा दिल्यावर ही गाठ सुटंल. तवर माझी कवळी बी नवी होईल. पाव्हण्यांना पटलं तर सोयरीक, न्हाई तर जेवून जावा."

"वैनी, हसं झालं आपलं!" विठ्ठलरावानं गिलास बाजूला सारायला हात घातला.

धनी आत आली. "तात्या, सांडू नका. त्या वाळू द्यायच्या नसतात." तिनं गिलास दोन्ही हातांनी उचलला.

शहादेव इतका वेळ माझ्या पदराच्या गाठीकडं बघत होता. त्यानं मान वळवली ती धनीकडं. विठ्ठलरावाला त्यानं काई विचारलं न्हाई.

"परीक्षा कंच्या तारखेला संपती, बाळा?"

धनीनं तारीख सांगितली. 

"मग त्याच्यानंतरच येतो," शहादेव म्हणाला.

मी वनमालाला हाक मारली. "च्या आण सगळ्यांना. आन् मला बशीत, बिस्किटं बुडवायला."