किनारीतला पिवळा दोरा

मी एक जुना टॉवेल आहे, अस्सल सोलापुरी. सध्या सुंदरम्माच्या घरात दाराआडच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. माझा पांढरा रंग आता ताकासारखा झाला आहे आणि एका कोपऱ्यात उंदराने दात लावून पाहिले आहेत. तरी मित्रांनो, मला पायपुसणं समजू नका. मी समुद्र ओलांडून गेलो आणि परत आलो. या घरात मला कुणी जमिनीवर टाकत नाही. असं का, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म अक्कलकोट रोडच्या बाजूला एका यंत्रमागाच्या कारखान्यात झाला. मला विणणाऱ्याचं नाव गुरुसिद्धप्पा. मूळ गाव होटगी, पण बत्तीस वर्षं त्यांची मागावरच गेली. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ते कारखान्यात बोलत नसत, आणि पुढे घरीही तीच सवय लागली. त्यांच्या हातचा माल बाद होत नाही, असं सगळा कारखाना म्हणायचा. त्यांची बायको सुंदरम्मा तिथेच शिलाईला होती. मागावरून लांबच लांब कापड उतरलं की ते कापायचं, टोकं शिवायची आणि प्रत्येक टॉवेल उजेडात धरून तपासायचा, हे तिचं काम. एखादा तार सुटलेला दिसला की टॉवेल बाद. माल नवऱ्याचा असला तरी तिची नजर सवलत देत नसे.

त्यांना दोन मुलं, शिवू आणि धाकटी काव्या. शिवूचं मन मागावर रमलं नाही. अक्कलकोटच्या एका लॉजवर भक्तांच्या खोल्या आवरता आवरता तो हॉटेलच्या कामात शिरला आणि पुढे थेट मालदीवला गेला. तिथे समुद्रातल्या एका लहानशा बेटावर मोठं हॉटेल होतं. खोल्या झाडणं, पलंग लावणं, टॉवेल बदलणं हे त्याचं काम. घरी यायचा तो वर्षातून एकदा. हॉटेलातले टॉवेल विरायला लागले, तेव्हा त्याने साहेबाला सांगितलं की आमच्या गावात टॉवेलच विणतात, एकदा मागवून तर बघा. पत्ता दिला तो अर्थातच वडिलांच्या कारखान्याचा. नमुने गेले, पसंत पडले आणि मोठी मागणी आली. शिवू वडिलांना अप्पा म्हणतो आणि आईला अव्वा. मीही आता अप्पाच म्हणतो, तेवढा हक्क मला आहे.

त्या मागणीतला मी. दोन हजार एकोणीसच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. माझी वीण नुकती सुरू झाली होती आणि किनारीचा एक तार तुटला. असं रोजच होतं. माग थांबवायचा, पांढऱ्या ताराला पांढरा जोडायचा आणि पुन्हा चालू करायचा. अप्पांनी माग थांबवला. शेजारच्या मागावर चादर चालली होती, तिथला पिवळा दोरा त्यांनी मागून घेतला, गाठ मारली आणि माझी पूर्ण लांबी विणून होईपर्यंत तो तसाच राहू दिला. मग पुन्हा थांबून पांढरा जोडला. बत्तीस वर्षांत जाणूनबुजून केलेली ही त्यांची पहिली चूक असावी. चेहरा मात्र नेहमीचाच, काही झालंच नाही असा.

शिलाईच्या खोलीत मी सुंदरम्माच्या हातात आलो. तिने माझी टोकं शिवली, मला उजेडात धरलं, किनारीवरून अंगठा फिरवला. अंगठा पिवळ्या दोऱ्यापाशी थांबला. माझा जीव टांगणीला लागला, कारण बाद मालाची टोपली तिच्या डाव्या हाताला होती. तिने शेजारणीकडे एकदा पाहिलं आणि मला उजवीकडच्या चांगल्या गठ्ठ्यात ठेवलं. पुढच्या टॉवेलातला एवढासा दोष मात्र तिने पकडला आणि त्याला टोपलीत टाकलं.

बेटावर शिवूने खोकं फोडलं. एकेक टॉवेल हाताने दाबून बघत होता, नाकाला लावत होता. मला हातात घेतल्यावर तो खाली बसला. थोड्या वेळाने त्याने अप्पांना फोन लावला.

"अप्पा, एका टॉवेलात पिवळा दोरा आलाय की."

अप्पा फोन घेऊन मागांच्या खडखडाटातून कारखान्याच्या दाराबाहेर आले. मग म्हणाले, "चुकून आला असंल. बाद म्हणून टाक."

शिवूला हसू आलं. त्याने मला टाकलं नाही आणि पाहुण्यांनाही दिलं नाही. तिथे एक पद्धत होती. पाहुणा यायच्या आधी टॉवेलाची घडी घालून त्याचा हंस करायचा आणि पलंगावर बसवायचा. नवीन पोरांना ते शिकवायला शिवू मला वापरायचा. मी काही धड हंस झालो नाही. वीण जाड, त्यामुळे मान पडायची आणि बदक व्हायचं. दुबळे टॉवेल चटकन हंस होतात, मी त्यातला नव्हे. संध्याकाळी काम संपलं की मी शिवूच्या खांद्यावर असायचो. ते दिवस चांगले होते.

मग मार्च महिना उजाडला आणि करोना आला. विमानं बंद झाली. पाहुणे घाईघाईने निघून गेले. एका खोलीत पलंगावरचा हंस कुणी हातही न लावता तसाच राहिला. हॉटेलात ऐंशी माणसं कामाला होती, पण महिनाभरात त्यांतलीही बरीच पांगली. इकडे सोलापुरात त्याच आठवड्यात माग बंद पडले. आमच्या हॉटेलसाठी विणलेली पुढची खोकी कारखान्यातच पडून राहिली. तिकडे अंघोळ करायला माणूस नाही, तर इकडे टॉवेल विणून करायचं काय, असा तो पेच होता.

मे महिन्यात आपल्या देशाचं जहाज अडकलेल्या लोकांना न्यायला आलं. शिवूचं नाव यादीत लागलं. पण साहेब म्हणाले, मागे राहून हॉटेल सांभाळायला थोडी माणसं हवीत, राहतील त्यांना अर्धा पगार देऊ. शिवूने फोन लावला.

"जहाजात जागा मिळत्या, अप्पा. येऊ का?"

"हितं येऊन काय करणार? माग बंद हाय. गल्लीला पत्रं मारल्यात. तितं निदान दोन टाइम जेवतोस. थांब तितंच, दोन म्हैन्यात सगळं सुरू हुईल."

"तुमी काय करताय मग दिवसभर?"

"जातो की कारखान्यात, मालकाला विचारून. मागाला तेल घालतो. नुसता ठिवला तर गंज चढतोय."

शिवू थांबला. दगडापेक्षा वीट मऊ, असा विचार त्या दोघांनी केला. मित्रांनो, जहाजातली त्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली आणि जहाज निघून गेलं.

बेटावर चौदा माणसं उरली. धुलाईखान्यात बांगलादेशचा जमालुद्दीन होता. समुद्राच्या दमट हवेने कपाटातले टॉवेल कुबट व्हायला लागले, म्हणून तो आणि शिवू रोज सकाळी शेकडो टॉवेल दोरीवर घालायचे आणि दुपारी पुन्हा घड्या करून ठेवायचे. न वापरलेले टॉवेल रोज वाळवायचे, हे काम ऐकायला वेड्यासारखं वाटेल. पण तिकडे अप्पा बंद मागाला तेल घालत होते आणि इकडे मुलगा आम्हाला ऊन दाखवत होता. 

जूनमध्ये अप्पांना ताप आला. मग धाप लागायला लागली. दवाखान्यात न्यायच्या आधी काव्याने फोन त्यांच्या कानाला धरला.

"शिवू, त्यो बाद टॉवेल टाकलास का?"

"न्हाय, अप्पा. माझ्याकडंच हाय."

"बरं." त्यांनी धापा टाकत दम घेतला. "ऊन दाखवत जा त्याला."

शिवूने त्याच दिवशी साहेबाला गाठलं, जिथे जिथे विचारता येईल तिथे विचारलं. जहाजं होऊन गेली होती आणि विमान सुरू झालं नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही सगळे दोरीवर वाळत होतो, तेव्हा काव्याचा फोन आला. अप्पा गेले. त्यांना घरी आणता आलं नाही. अंगभर प्लास्टिक घातलेल्या माणसांनी त्यांना माती दिली. काव्याने लांबून फोन धरला होता, पण चित्र अडखळत राहिलं आणि शिवूला एकदा बापाचा चेहरा बघायचा होता, तो काही दिसला नाही. त्या दिवशीही त्याने टॉवेल दुपारी उतरवले आणि घड्या करून ठेवले. तो रडला नाही. मला त्याचीच काळजी वाटत होती.

आमच्याकडे एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की कार्याच्या दिवशी पाहुणेरावळे येतात आणि मुलाला टोपी घालतात, खांद्यावर टॉवेल टाकतात. त्याला दुखवटा काढणं म्हणतात. बाबा रे, झालं ते झालं, आता ऊठ आणि कामाला लाग, असा त्याचा अर्थ. त्या दिवसांत सोलापुरात कुणाला कुणाच्या दारात जायची सोय नव्हती. कार्याच्या दिवशी सुंदरम्माचा फोन आला.

"शिवू, तुला कुणी टॉवेल घातला न्हाय. दुखवटा अंगावर तसाच ठिवू न्हाय रं."

"हितं कोण हाय अव्वा घालायला?"

"कोण बी चालतंय. माणूस असला म्हंजे झालं."

शिवूने जमालुद्दीनला मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं समजावून सांगितलं. जमालुद्दीन कोरा टॉवेल आणायला कपाटाकडे निघाला. शिवूने त्याला थांबवलं आणि पेटीतून मला काढून त्याच्या हातात दिलं. जमालुद्दीनने हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला, मला दोन्ही हातांनी उचललं आणि हळूच शिवूच्या खांद्यावर ठेवलं. त्याला आमची रीत ठाऊक नव्हती, पण सोलापुरातल्या सख्ख्या मामानेही यापेक्षा नीट केलं नसतं.

शिवूने माझी किनार चाचपली. बोटाला दोरा लागला. मग त्याने मला तोंडावर धरलं आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम बाहेर आलं. "मी जहाजात बसायला पायजे होतं," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जमालुद्दीनला मराठी कळत नव्हती. तो शेजारी बसून राहिला. मी आजवर एवढं पाणी कधी टिपलं नव्हतं. आपण जाड विणीचे आहोत याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं, आणि वाईटही तेवढंच वाटलं.

ऑगस्ट संपता संपता विमान सुरू झालं आणि शिवू घरी निघाला. हॉटेलची वस्तू अशी नेता येत नाही, म्हणून त्याने साहेबाला विचारलं. साहेबाने माझी किनार बघितली आणि एका चिठ्ठीवर 'बाद' असं लिहून सही केली. त्या एका शब्दावर मी सुटलो.

घरी सुंदरम्माने मला हातात घेतलं. तिचा अंगठा सवयीने किनारीवर गेला.

"अप्पांनी घातला होता त्यो," शिवू म्हणाला.

"म्हाईत हाय. मीच शिवला की ह्येला."

"मग बाद का न्हाय केला?"

"जल्मात एक चूक केली त्या मान्सानं. ती बी मी पकडू व्हय?"

शिवू खाली बघत म्हणाला, "अव्वा, मी यायला पायजे होतं."

सुंदरम्माने माझी घडी घातली. मग म्हणाली, "तुला थांब म्हटलं ना त्यांनी, त्या दिवशी जेवले न्हाईत ते. मी इचारलं तर म्हणले, भूक न्हाय." तिने घडी मोडली आणि पुन्हा घातली. "त्यांनी थांब म्हटलं, तू थांबलास. आता त्ये किती दिवस उगाळणार?"

पुढे हळूहळू सगळं सुरू झालं. लोक फिरायला लागले, हॉटेलं उघडली, माग हलले. शिवूला बेटावरून बोलावणं आलं. तो जायला तयार नव्हता, सुंदरम्मानेच पाठवला. मला मात्र त्याने इथे ठेवलं. अप्पांच्या मागावर आता दुसरा कामगार आहे. सुंदरम्मा अजून शिलाईला जाते आणि तिच्या नजरेतून अजून काही सुटत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या बेटावरून पुन्हा मागणी आली. खोकी गेली. पंधरा-वीस दिवसांनी, एका रविवारी सकाळी, शिवूचा फोन आला. काव्याने आवाज मोठा केला होता, म्हणून मला खुंटीवरून सगळं ऐकू आलं.

"अव्वा, एका टॉवेलाच्या शिलाईत पिवळा दोरा आलाय."

सुंदरम्मा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"चुकून आला असंल," ती म्हणाली. "बाद म्हणून टाक."

फोन झाल्यावर तिने हाताचं पीठ धुतलं, मला खुंटीवरून काढलं आणि बाहेर उन्हात घातलं.

मित्रांनो, तुम्हीही कधी फिरायला जाल, हॉटेलात उतराल. आम्हाला ओल्या पायांनी तुडवून कोपऱ्यात फेकू नका, एवढं तर मी सांगणारच, टॉवेलच आहे मी. पण माझं आणखी एक मागणं आहे. अंग पुसताना किनारीला एखादा वेगळ्या रंगाचा दोरा लागला, तर तो ओढून काढू नका. टॉवेल उन्हात वाळत घाला, आणि त्या दिवशी घरी एक फोन करा.