पेंडीच्या पोत्यांखालची खुर्ची

मित्रांनो, माझ्या हातांवरचा रंग उडालाय, पाय ठेवायची एक पट्टी वाकलीय, पण चाकं अजून ठणठणीत आहेत. मी चाकांची खुर्ची. जुनी म्हणा, हरकत नाही. मोडकी म्हणालात तर मात्र मला राग येईल.

माझं पहिलं घर भिगवणचं. तिथले मासळीचे व्यापारी खाजाभाई यांचा मुलगा अयान माझ्यावर बसून रोज मासळीच्या लिलावाला जायचा. मासळीचा वास माझ्या कापडात असा मुरलाय की कितीही पुसा, जात नाही. अयानच्या अंगातले स्नायू हळूहळू झिजत होते. पुढं त्याला मान टेकायला उंच पाठीची खुर्ची लागली. तेव्हा त्याच्या आईनं, जमीलानं, मला लासुर्ण्याच्या शंभूराजसाठी द्यायचं ठरवलं. त्यालाही तोच आजार होता, आणि दोघांच्या आयांची ओळख दवाखान्याच्या बाकावर झाली होती. मला टेम्पोत चढवताना जमीला शंभूच्या आईला, रेश्माला, म्हणाली, "ताई, आमी खुर्ची लई उशिरा घेतली. चालंल म्हणून नुसतं पोराच्या पायाकडं बघत बसलो, आन् त्याचं खेळायचं दिस निघून गेलं. तुमी तसं करू नका."

रेश्माला ते पटलं, पण घरात शब्द चालायचा आबांचा. शंभूचे आजोबा गेणबा म्हणजे एकेकाळचे नावाजलेले पैलवान. शंभू लहान असताना त्याच्या पोटऱ्या जाड, टणक दिसू लागल्या आणि आबांना कोण आनंद झाला. "रगत आमचं हाय," असं ते पारावर सांगत सुटले. पोरगं पळताना पडायचं, उठताना गुडघ्यांवर हात टेकायचं. आबांना वाटलं, अंगात आळस आहे. म्हणून ते त्याच्याकडून रोज बैठका काढून घ्यायचे. अशा फुगलेल्या पोटऱ्या हीच या आजाराची खूण, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून आबांनी पारावर जाणं सोडलं.

मी दारात आले तेव्हा त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही. "खुर्चीत बसला की बसलाच. पोरगं चालंल. ठिवा ती गोठ्यात." झालं, माझ्यावर पेंडीची पोती रचली गेली. शेजारी म्हैस, वर चिमण्या. लिलाव गाजवून आलेल्या माझ्यासारखीला हे दिवस यावेत, याचं मला फार वाईट वाटलं. पण शंभूचं त्याहून वाईट चाललं होतं. पडून पडून त्याचं कपाळ फुटायचं, शाळाही सुटली होती. दोस्त यायचे, थोडा वेळ बसायचे आणि क्रिकेट खेळायला पळायचे.

गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. शंभूला सगळे डाव तोंडपाठ, पण फड त्यानं कधी पाहिला नव्हता. दरवर्षी तो मागं लागायचा आणि दरवर्षी आबा म्हणायचे, "नीट चालाय लाग, मग नेतो." यंदा जत्रेच्या दिवशी सकाळी आबा म्हशीची धार काढत होते. आईनं शंभूला गोठ्याबाहेरच्या ओट्यावर बसवलं होतं. तिथून तो शांतपणे म्हणाला, "आबा, डाक्टर काय म्हणलं ते मी ऐकलंय. मी आता चालणार न्हाय. मग मी कुस्त्या कवाच बघायच्या न्हाईत का?"

आबांचे हात थांबले. म्हशीनं मागं वळून पाहिलं. आबा उठले आणि माझ्यावरची पोती बाजूला काढू लागले. मला अंगणात नेऊन त्यांनी धुतलं, चाकांना तेल दिलं.

"बैठका काढाय लावल्या म्या," ते रेश्माला म्हणाले. "पोराचं पाय मीच खाल्लं."

"न्हाय आबा. आजार बैठकांपायी न्हाय आला," रेश्मा म्हणाली. "जत्रंला न्यायचं तेवढं आपल्या हातात हाय."

दुपारी आम्ही जत्रेत गेलो. कुणीतरी "अरेरे" म्हणालं, तर आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुढचं गिळलं. आबा मला फडाच्या अगदी पुढं, मानाच्या जागेकडं रेटू लागले. इतक्यात शंभूनं चाक धरलं.

"आबा, आदी इचारा की मला."

आबा थांबले. वाकून म्हणाले, "बरं, सांग. कुठं जायाचं?"

"तितं, भेळंच्या गाड्याकडं. दोस्त उभं हायती, कुस्त्या तितनंच बघतो. मी एकटा जातो."

रस्ता डांबरी होता, पण गर्दी होती. आबांच्या मुठी माझ्या दांड्यांवर घट्ट आवळलेल्या होत्या. मला वाटलं, हे काही सोडत नाहीत. बराच वेळ गेला आणि मग ते हात निघाले. शंभूनं चाकं फिरवली. दमत, थांबत, लोकांना बाजूला सारत तो गाड्यापाशी पोचला. दोस्तांनी जागा केली. मी पाहिलं, आबा मागं तिथंच उभे होते. डोळे पुसत होते, पण हाक मारली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी खुर्ची तुमच्या घरी, तुमच्या वर्गात असेल, तर तिला पोत्यांखाली टाकू नका. चाकांना तेल द्या. पण ढकलण्याआधी बसणाऱ्याला विचारा, कुठं जायचंय. आणि तो एकटा जातो म्हणाला, तर दांड्या सोडा. सोडणाऱ्याला फार जड जातं. त्या मुठी मी जवळून पाहिल्यात.