माशांना झेपेल एवढा उजेड

त्यांना सगळे उजेडमास्तर म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी दुकानं, सभागृहं आणि दवाखाने यांचं वायरिंग केलं होतं. कुठेही पाऊल टाकलं, की पहिलं वाक्य ठरलेलं, "इथे उजेड कमी पडतोय."

बायकोचं पायाचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी दीड महिना पलंगाला बांधून टाकलं, तेव्हा मेहुणीने काचेची टाकी आणून दिली. तिच्यात करंगळीएवढे दहा मासे, एक दगड आणि दगडावर एक रोप. "ताई, नुसतं छत बघून वेड लागेल तुला," ती म्हणाली.

टाकीवर दिवा कोणता लावायचा, हे मास्तरांनी कुणाला विचारलंच नाही. त्यांनी विचारायचं म्हणजे काय! दुकानाच्या पाटीवर शोभेल असला झगझगीत एलईडी त्यांनी वर बसवला. बटण दाबताच मासे दगडामागे पळाले ते पळालेच.

"बुजलेत. होईल सवय," मास्तर म्हणाले.

सवय काही झाली नाही. पंधरवड्यात काचेवर हिरवं शेवाळ माजलं. मास्तर रोज सकाळी बाह्या सरसावून ते खरवडत, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. मासेही फिकट पडले होते.

"लेकाचे मला पाण्यात पाहतात," ते वैतागून म्हणाले. बायको हसली.

एक दिवस टेस्टर घरीच राहिला म्हणून ते दुपारी परत आले. बघतात तो टाकीवरचा दिवा बंद, आणि त्यांची चाहूल लागताच बायको दिवा पुन्हा लावायला हातातली काठी घाईघाईने बटणाकडे नेतेय. पडद्यातून येणाऱ्या उजेडात दहाच्या दहा मासे काचेशी आले होते. त्यांच्या अंगावर निळी रेघ होती, हे मास्तरांना आज कळलं.

"रोज बंद करतेस?"

"तुमची पाठ वळली, की." ती ओशाळली. "अहो, एवढ्या हौसेनं लावलात, म्हणून जीभ रेटेना. पण माझेही डोळे दुखतात हो."

कामावर न जाता मास्तर तसेच, मेहुणीने टाकी आणली होती त्या माशांच्या दुकानात गेले.

"किती वॅटचा लावलात?" दुकानदारीणबाईंनी विचारलं. आकडा ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, मासे पाळताय की क्रिकेटचा सामना भरवताय?"

एरवी मास्तरांनी दोन शब्द सुनावले असते. आज ते म्हणाले, "चुकलं माझं. नीट सांगा."

मग बाईंनी नीट सांगितलं. हे मासे झाडांच्या सावलीतल्या पाण्यातले. दगडावरच्या त्या एका रोपालाही कमीच उजेड पुरतो. जास्तीचा सगळा शेवाळाच्या पोटात जातो. दिवसाला सात तास, त्याउपर नको. कमीजास्त करता येईल असा छोटा दिवा त्यांनी दिला, आणि माशांना आडोसा म्हणून पाण्यावर तरंगणारी थोडी पानंही.

घरी येऊन मास्तरांनी दिवा बसवला आणि बटणाची चकती हातात धरली. "तू सांग."

"अजून कमी करा."

"एवढा?"

"अजून."

बोटं वळायला तयार नव्हती. तरी त्यांनी चकती आणखी मागे फिरवली.

"बस्स."

बऱ्याच वेळाने एक मासा दगडाआडून डोकावला, पानांच्या सावलीत थबकला, मग पुढे आला. त्याच्यामागून बाकीचे निघाले. बायको उशीवरून वाकून बघत होती. आजारपणात तिचा चेहरा असा कधी फुलला नव्हता.

मास्तरांनी डोक्यावरच्या ट्यूबकडे पाहिलं.

"हीसुद्धा डोळ्यांवर येते का गं?"

"वीस वर्षं झाली," ती म्हणाली.

मास्तर उठले आणि स्टूल आणायला गेले.