ईस्टरचा सोमवार आणि भलताच पाहुणा

हालिना पोलंडमधल्या क्राकूवची, धाकटा भाऊ तादेक आयर्लंडला. कितीतरी वर्षांनी दोन्ही कुटुंबं एकत्र जमली आणि व्हिएन्नाहून गाडीने समुद्राकडे निघाली. पोरं फुललेल्या चेरीखाली फोटो काढत होती, पण हालिनाचं सगळं लक्ष ईस्टरच्या सोमवाराकडे. त्या दिवशी पोलंडमध्ये एकमेकांना पाण्याने चिंब भिजवतात, आणि लहानपणी तादेकने तिला दरवर्षी अंथरुणातच गाठलं होतं. यंदा उट्टं काढायचंच!

सोमवारी सकाळी वाटेतल्या हॉटेलातला पाण्याचा जग काठोकाठ भरून ती तादेकच्या दाराबाहेर दबा धरून उभी राहिली. दार उघडताच तिने जग रिकामा केला.

समोर एक अनोळखी म्हातारा निथळत होता. लिफ्टच्या खडखडाटाला वैतागून तादेकने आदल्या संध्याकाळीच खोली बदलली होती, आणि सांगायचं विसरला होता.

म्हातारा मिशा पुसत मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "पोलंडच्या ना बाई? मी हंगेरीचा. आमच्याकडे आज पुरुष बायांवर अत्तर शिंपडतात, आणि बाया त्यांना रंगवलेलं अंडं देतात." त्याने आतून अत्तराची कुपी आणली, तिच्या पांढऱ्या केसांवर दोन थेंब शिंपडले आणि हात पुढे केला.

घरून रंगवून आणलेल्या अंड्यांच्या टोपलीला हालिनाने कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यातलं सगळ्यात लालभडक अंडं तिने धावत जाऊन आणलं.

गलका ऐकून आलेला तादेक ओरडला, "ताई, मला जन्मात एक अंडं दिलं नाहीस!"

"मेल्या, तू बादली घेऊन यायचास," केस सावरत ती म्हणाली. "अत्तर आणलंस कधी?"